कुठले तुम्ही? दौंडचे?

"दौंडचे? हं..."

शिरूरच्या घरमालक काकूंचा तो 'हं' चांगला दोन सेकंद लांबला. मी आणि धाकटा भाऊ एकमेकांकडे बघतच राहिलो. त्याला रांजणगाव एमआयडीसीत नोकरी लागली, म्हणून शनिवारची सुट्टी कारणी लावून आम्ही खोली शोधायला निघालो होतो. बाइकवर दौंड, पाटस, चौफुला, पारगावजवळ भीमेचा पूल, न्हावरा आणि मग शिरूर. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मस्त रूट आहे, एकदा कराच!

दौंडचं नाव असं का झालं, ते मला ठाऊक आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन पूर्वी इथं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तेवढ्या वेळात, मध्यरात्री, अर्धवट झोपेत बॅग चाचपणाऱ्या प्रवाशांना जे दौंड दिसलं, तेच त्यांनी जगभर सांगितलं. एसआरपीचे गट याच गावात आहेत, हे कुणाला खिडकीतून थोडंच दिसतं!

पण खरी गंमत पुढेच. निघताना आई काय म्हणाली होती माहितेय? "शिरूरला जपून रे, तिकडं सगळी बाहेरची माणसं आलीत."

आता आकडे बघा. 2001 च्या जनगणनेत दौंड तालुका 3 लाख 41 हजार, शिरूर 3 लाख 10 हजार. 2011 मध्ये दौंड 3 लाख 80 हजार आणि शिरूर 3 लाख 85 हजार! रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांनी तालुक्याचं गणितच पालटलं. दहा वर्षांत पाऊण लाख माणसं वाढली, तर पोलीस ठाण्यातल्या तक्रारीही वाढणार की नाही? पण दर हजारी किती, हे टपरीवर कोण मोजतं? 2021 ची जनगणना तर झालीच नाही, म्हणजे पुढचा सगळा अंदाजपंचे कारभार.

काकूंचंही चूक नव्हतं म्हणा. "पूर्वी दार नुसतं लोटून बाजाराला जायचो. आता समोरच्या खोलीत कोण राहतं, तेही माहीत नसतं." हे सांगताना त्यांचा हात कडीवरच होता.

भावानं कंपनीचं पत्र, भाडेकरू नोंदणीचा पोलिसांचा फॉर्म, आधार कार्ड, सगळं पुढे ठेवलं. काकूंनी पत्ता दोनदा वाचला.

"रेल्वे क्वार्टर? वडील रेल्वेत?"

"हो, गार्ड आहेत."

"मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

खोली मिळाली. अकरा महिन्यांचा करार. डिपॉझिट मात्र दोनऐवजी तीन महिन्यांचं.