काका, एकदा डोळा लावा

प्रिय काका,


निवृत्त होऊन गावी गेलात ते गेलातच. फोन केला की पाऊसपाण्याचं विचारता, प्रयोगशाळेचं नाव काढत नाही. म्हणून लिहितेय.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला कांद्याचे गोंडे तुम्हीच सकाळी खुडून आणायचात ना? कुणाच्या स्लाइडवर पेशींचं मायोसिस-विभाजन सापडेना, की तुम्ही त्याच गोंड्यातली बारीक, हिरवट कळी काढून द्यायचात. ‘परागकोश पिवळा पडला की उशीर झाला,’ म्हणायचात. ती फोडून ॲसिटोकार्माइनचा थेंब टाकला, की दोन टोकांना निघालेली तांबडी गुणसूत्रं समोर! आम्ही नाचायचो. तुम्ही मात्र एकदाही मायक्रोस्कोपला डोळा लावला नाहीत. ‘ते पोरांचं काम,’ म्हणत काचा धूत राहिलात. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

कारण काका, तेव्हा गुणसूत्रं दिसायची, त्यांना ओढून नेणारं कुणी दिसायचंच नाही. ओढून नेतात त्या सूक्ष्मनलिका, आणि तो रंग त्यांच्यावर चढत नाही. आता मी या नलिकांना चमकणारा रंग लावून पाहते. प्राण्यांच्या पेशीत त्यांची जुळणी करायला तारककेंद्र असतं, फुलझाडांत तेही नाही. तरी त्या केंद्रकाभोवती जमतात, दोन टोकं ठरवतात, गुणसूत्रं वाटून देतात. मग सुट्या होतात आणि त्याच सुट्या भागांतून मधोमध नवी मांडणी उभी राहते. तिथे भिंतीचं सामान येतं, भिंत मधून कडेकडे वाढते. कांद्याच्या मुळात भिंतीची जागा आधीच नलिकांच्या पट्ट्याने आखलेली असते. कळीतल्या परागाच्या मातृपेशीत तो पट्टाही नसतो. पहिल्या वाटणीनंतर एक भिंत, दुसरीनंतर आणखी दोन, की झाल्या चार पेशी. प्रत्येकीचा पुढे एक परागकण.

गुणसूत्रं ओढणारे हे नलिकांचे तंतू खरे, की पेशी मारून रंगवताना तयार होतात, यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. 1953 मध्ये शिन्या इनोउए यांनी लिलीच्या जिवंत परागमातृपेशीत ध्रुवित प्रकाशाने ते दाखवून दिले.

आणि तुमच्या बांधावरची कळलावी? तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. ते नलिका जुळूच देत नाही. मग गुणसूत्रं दुप्पट होऊनही एकाच पेशीत अडकून पडतात. त्यांचं स्वतःचं बळ तेवढंच, काका.

जानेवारीत कांद्याच्या डेंगळ्यांना गोंडे येतील. तिकीट मी काढते. या वेळी नाही म्हणायचं नाही.