बारा दिवसांनंतरचा मंगळवार

नैर्ऋत्य जर्मनीत नेकार नदीच्या काठी ट्यूबिंगेन नावाचे जुने गाव आहे. १४७७ साली तेथे विद्यापीठ स्थापन झाले आणि एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ रोट यांनी तेथेच अध्यापन करीत ब्योटलिंक यांच्या जोडीने संस्कृतचा प्रचंड कोश सिद्ध केला. त्याचे सात खंड बाहेर पडायला १८५५ ते १८७५ अशी वीस वर्षे लागली. पुण्याचे एक संस्कृतचे प्राध्यापक १९९३ च्या ऑक्टोबरात वर्षभरासाठी या गावी सपत्नीक राहावयास गेले, तेव्हा या वीस वर्षांविषयी त्यांच्या मनात निव्वळ आदर होता. घाईचे काम विद्येत टिकत नाही, असे ते विद्यार्थ्यांना बजावीत आले होते. नोव्हेंबरात मात्र त्यांच्या अभ्यासाच्या खोलीतला रेडिएटर थंड पडला. दुरुस्तीचा माणूस बारा दिवसांनी, मंगळवारी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येईल असे कळले, आणि प्राध्यापक संतापले.

त्यांनी दूरध्वनीवर जादा पैसे देऊ केले. पलीकडच्या बाईंनी विचारले, ‘‘बाकीच्या खोल्या गरम आहेत ना?’’ आहेत, म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘ज्यांचे सगळे घर गार पडले आहे, त्यांच्याकडे आधी जायला हवे.’’ या युक्तिवादाला नैयायिकांकडेही उत्तर नसावे.

तशी मंदगतीची चुणूक त्यांना आधीच मिळाली होती. १९५६ च्या कायद्याने तेव्हा बहुतेक शनिवारी दुपारी दोनलाच दुकाने मिटत. रविवारी तर कडकडीत बंद. पहिल्याच रविवारी घरात दूध नव्हते आणि काकूंनी कोरा चहा पुढे ठेवला होता. पुण्यातल्या त्यांच्या आळीत रात्री नऊ वाजता वाण्याच्या पोराला हाक मारली की पुडा दारात येई.

त्या बारा दिवसांत प्राध्यापक कोशाचे खंड आणि टिपणांचे कागद घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती, पण काकूंचा स्वयंपाक होताना ते असे समोर कधी बसले नव्हते. भाजी चिरून झाल्यावर त्या विळी नसल्याबद्दल रोज एकदा कुरकुरतात, हेही त्यांना नव्याने कळले. कळीचे बोलणे मात्र झाले ते जिना झाडण्यावरून. श्वाबियात इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना आणि पुढचे अंगण झाडावे अशी जुनी रीत आहे. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला पाटी लटकते. ती पाटी यांच्या दाराला लागली, तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला चार मार्क देऊन हे काम उरकून घ्यावे, असे प्राध्यापकांनी सुचवले.

काकू केरसुणी हाती घेऊन म्हणाल्या, ‘‘अहो, आपल्याकडे मावशी वीस वर्षे जिना झाडतात. त्यांचा आठवडा कधी संपला?’’

प्राध्यापकांनी कागदातून डोके वर काढले नाही. पण त्या दिवशी पानही उलटले नाही. त्यांना तीन वर्षांपूर्वीचा लक्ष्मीपूजनाचा दिवस आठवत होता. गच्चीवरची टाकी वाहू लागली म्हणून त्यांनी प्लंबरला निरोप धाडला होता. तो अर्ध्या तासात आला, सहासात वर्षांच्या मुलाला सायकलीच्या दांड्यावर बसवून. मुलाच्या अंगावर नवा सदरा होता. काम झाल्यावर प्राध्यापकांनी घासाघीस करून पाच रुपये कमी दिले होते. हा माणूस पंधरा वर्षे घरी येत होता आणि त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

मंगळवारी आठ वाजून पाच मिनिटांनी घंटा वाजली. आलेला तरुण तिशीचाही नसेल. त्याने आधी जमिनीवर कापड अंथरले. झडपेतली खीळ अडकून बसली होती, एवढेच. ती त्याने सोडवली, चालते की नाही ते दोनदा पाहिले. हे काम शिकायला साडेतीन वर्षे उमेदवारी करावी लागली, असे त्याने कॉफी घेताना सांगितले. टेबलावरची देवनागरी पाहून त्याने विचारले, ‘‘आणि हे शिकायला?’’ प्राध्यापक म्हणाले, ‘‘अजून शिकतो आहे.’’ बिल पुढे टपालाने आले. त्यात येण्याजाण्याचे पैसे निराळे लावले होते. प्राध्यापकांनी ते दोनदा वाचले आणि निमूटपणे भरले.

१९९४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी दोघे पुण्यास परतली. आठवड्याभरात न्हाणीघरातला नळ गळू लागला. प्राध्यापक स्वतः चालत प्लंबरच्या खोलीवर गेले. प्रथम त्यांनी त्याचे नाव विचारून घेतले आणि मग म्हणाले, ‘‘घाई नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा या. चार दिवसांनी आलात तरी चालेल.’’

त्याला अहोजाहोची सवय नव्हती. तो काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिला. प्राध्यापक घरी पोहोचून चपला काढतात न काढतात तोच दारात सायकल थांबली. प्लंबर पान्हा घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता. धापा टाकीत त्याने विचारले, ‘‘साहेब, दुसरा माणूस लावला का?’’