राणी रंग कोणी उतरवला?

माल परत आला आणि शेठने फोटो काढणाऱ्या पोराचे पैसे कापले. त्याला बराच काळ लोटला, पण शेठवरचा माझा राग गेलेला नाही.

सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये कॅटलॉगचं काम कसं चालतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. साड्यांचे फोटो काढायचे, डिझाईन नंबर टाकायचे, फोटो लहान करायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायचे. आम्ही खानदेशी माणसं. उधना, लिंबायत, डिंडोलीत आमची घरं. घरातले बहुतेक जण लूमवर नाहीतर पार्सलं बांधायला. मी फोटो एडिटिंगला बसते. तो पोरगा शिरपूरकडचा, मला ताई म्हणतो.

त्याने फोटो उत्तम काढले होते, माझ्या स्क्रीनवर मी स्वतः पाहिले. राणी रंग राणीच होता, मोरपंखी मोरपंखी. पण 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000 पिक्सेल. असे शेकडो फोटो कोण पाठवणार? लहान करायचं काम शेठने बाहेरच्या एका माणसाला दिलं होतं. त्याने एका रात्रीत सगळा गठ्ठा लहान करून पाठवून दिला. बायकांनी मवाळ गुलाबी पाहून साडी मागवली आणि हातात पडली भडक राणी. पार्सलं परत यायला लागली.

शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, “कॅमेरा धरता येत नाही तर सांगायचं.” पोरगा गप्प उभा. मी मूळ फोटो दाखवते म्हटलं, तर “आता बघून काय करू?” असं उत्तर मिळालं.

मी तरी शोधत बसले. मूळ फाईलींच्या नावांआधी एक अधोरेषा होती. कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग अ‍ॅडोबी आरजीबीवर असलं की नावाआधी ती येते. स्टुडिओचा भाड्याचा कॅमेरा, सेटिंग आधीपासूनच तसं. त्यानेही काही बिघडत नाही, कारण कोणते रंग कसे वाचायचे याची नोंद, म्हणजे प्रोफाईल, फाईलीतच असते. लहान करणाऱ्याने वजन कमी करायला बाकीच्या माहितीबरोबर ती नोंदच काढून टाकली. मग फोनने फाईलीतले रंगांचे आकडे एसआरजीबीचे, म्हणजे नेहमीच्या रंगपद्धतीचे, समजून वाचले आणि सगळे रंग फिके पडले. मूळ फाईल आणि लहान फाईल शेजारी ठेवून मी शेठला दाखवलं. त्याला पटलं, त्याने मानही हलवली. पैसे मात्र दिले नाहीत.

हे काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी रंग एसआरजीबीत बदला, मग आकार कमी करा. फोटोशॉपमध्ये इमेज प्रोसेसर आहे. त्यात रुंदी आणि उंची दोन्ही ठिकाणी 1600 टाकली की उभा-आडवा प्रत्येक फोटो प्रमाण न बिघडता त्यात बसतो, आणि ‘कन्व्हर्ट प्रोफाईल टू एसआरजीबी’ची खूण तिथेच करता येते. नवे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, मूळ फोटोंना हात लागत नाही, नावातला डिझाईन नंबर टिकतो. लाल साडीवर बारीक जरीकाम असेल तर इरफानव्ह्यूमध्ये क्रोमा सबसॅम्पलिंग बंद करून सेव्ह करा. जेपेग फाईल जागा वाचवायला रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने ठेवते, म्हणून लालावरची जरी पसरट दिसते. नेटच्या साड्या तर लहान केल्यावर एकेक उघडून बघाच. जाळीवर नसलेल्या लाटा उमटतात. आणि गठ्ठा पाठवण्याआधी त्यातले चार फोटो साध्या फोनवर, खऱ्या साडीशेजारी धरून पाहा. एवढं त्या रात्री झालं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

राग शेठवर आहे असं मी वर लिहिलं, पण लिहिताना वाटतं, त्याचीही रक्कम परतीच्या मालात अडकली होती आणि दलाल रोज दारात येत होता. घाबरलेला माणूस समोर दिसेल त्याच्यावर धावतो. मग पुन्हा वाटतं, नाही. कापायचेच होते तर ज्याने फोटो लहान केले त्याचे का नाही कापले? तो बिल देणारा होता आणि हा रोजावरचा, एवढाच फरक.

आता त्या शेठचं फोटो लहान करायचं काम माझ्याकडेच येतं आणि मी ते घेते. पोरगा दुसऱ्या स्टुडिओत गेला. मी अजून तिथलं काम करते हे त्याला आवडत नाही, आणि तो बोलून दाखवतो तेव्हा माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नसतं.