बारा खणांचा तक्ता

कुवेतमधल्या आमच्या मराठी वाचनगटाचा नियम साधा होता. जानेवारी ते डिसेंबर बारा खणांचा तक्ता, दर महिन्याला एक खण भरायचा. एक आत्मचरित्र, एक प्रवासवर्णन, एक दलित साहित्यातलं, एक शंभर वर्षांपूर्वीचं, असे. मग महिन्यातल्या एका शुक्रवारी राई नावाच्या भागात जमून त्यावर बोलायचं. राईतच का? तर सालमिया, अब्बासिया आणि मंगफ, तिन्हीकडच्यांना ते सारखंच गैरसोयीचं. एरवी हा गोदामांचा, गॅरेजांचा भाग. इथल्या शुक्रवार बाजारात जुनी कपाटं, गालिचे, कबुतरं विकायला असतात, आणि 2007 साली उघडलेला अ‍ॅव्हेन्यूज मॉलही इथलाच. जुलैत पारा पन्नाशीकडे सरकू लागला की साहित्यचर्चा फूड कोर्टातच बरी.

पहिले काही महिने चर्चा कमी, हिशेब जास्त. स्टोरीटेलवर ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, यावर ‘बलुतं’पेक्षा जास्त वेळ गेला. (माझं मत, धरावं. पाचव्या रिंगरोडवर अडकलेल्या माणसाने दुसरं करावं तरी काय?) पुस्तकं गावाहून येणाऱ्यांच्या बॅगांतून यायची, लोणच्याशी आणि गोड्या मसाल्याशी वजनावरून भांडत. त्यामुळे जाडजूड कादंबऱ्या तिकडेच राहायच्या आणि ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’ हातोहात फिरायची.

‘ज्या देशात राहतो तिथलं एक पुस्तक’ हा खण आमच्यातल्या नर्सताईंनी हट्टाने घालायला लावला होता. बाकी कुणालाच तो नको होता. इतकी वर्षं इथे पगार घेऊनही आम्हाला एका कुवेती लेखकाचं नाव सांगता येत नव्हतं. शेवटी सौद अल-सनौसींच्या ‘साक अल-बांबू’चा इंग्रजी अनुवाद त्यांनीच मिळवला. या कादंबरीला 2013 साली अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. आई घरकामाला आलेली फिलिपिनो, वडील त्याच घरचे कुवेती. मुलगा फिलिपिन्समध्ये वाढतो, मोठेपणी वडिलांच्या घरी येतो आणि तिथे त्याचा चेहराच आड येतो.

“हे तर आपलंच गाऱ्हाणं,” एक तरुण इंजिनियर म्हणाला. नर्सताई फटकन म्हणाल्या, “आपलं कसं? आपण परत जायचं ठरवूनच आलो. हा मुलगा हक्काने आलाय, त्याच्याकडे इथली कागदपत्रं आहेत, तरी याला दार उघडत नाहीत.” इंजिनियर गप्प बसला नाही, त्याचा मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढतोय, त्याने कुठे परत जायचं, असं विचारू लागला. त्या दिवशी तक्त्याची आठवण कुणालाच झाली नाही.

खेड तालुक्यातले आमचे चाचा एरवी ऐकायला बसतात. इंग्रजी त्यांना जड जातं, म्हणून नर्सताईंनी त्यांना कथा सांगितली होती. कादंबरीतल्या मुलाच्या वडिलांना इराकी आक्रमणात पकडून नेतात, तिथे चाचांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. आक्रमण झालं त्या दिवशी, 2 ऑगस्ट 1990 ला, ते फरवानियात एका दुकानात कामाला होते. पुढे बसने बसरा, बगदाद, मग अम्मान, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. एक लाखाहून जास्त भारतीय त्या वाटेने सुटले, हे आम्ही सिनेमात पाहिलं होतं. चाचांनी सांगितलं ते वेगळंच. निघताना शेजारच्या दुकानदाराने, एका कुवेती म्हाताऱ्याने, त्यांना खुब्जची, म्हणजे इथल्या रोट्यांची, पिशवी दिली होती. युद्ध संपल्यावर चाचा परत आले तेव्हा म्हातारा दुकानात होता, त्याचा मुलगा मात्र बेपत्ता झालेल्या सहाशेएक जणांच्या यादीत होता. “मी रोज सलाम करायचो. मुलाचं एकदाही विचारलं नाही,” चाचा म्हणाले. “काय विचारणार?”

निघताना तक्ता निघालाच. चाचांच्या नावापुढे खूण करायची की नाही? इंजिनियर म्हणाला, करा, ऐकलेलं चालतं असं आपलं ठरलंय. चाचांनी मान हलवली. “अर्धंच ऐकलं मी, पोरगा शेवटी कुठे जातो ते सांगितलंच नाही तुम्ही.” मग नर्सताईंनी गाडीत बसेपर्यंत त्यांना उरलेली कथा सांगितली.