नळ आणि नहर

औरंगाबादला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना आधी बीबी का मकबराच पाहायचा असतो. आम्ही नेतोही. पण आमची खरी आवडती जागा पाणचक्की.

असरच्या नमाजनंतर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात, हौदाकाठी जुन्या वडाखाली बसावे. 18व्या शतकातली ही करामत. डोंगराकडचे पाणी काही मैल जमिनीखालून मातीच्या नळांतून आणले, उंच भिंतीत चढवले आणि वरून हौदात सोडले. त्याच पाण्याच्या जोरावर इथले जाते फिरे. फकीर, वाटसरूंसाठी पीठ निघे. पंप नाही, वीज नाही! आणि आमच्या घरी? नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते. लग्नाला दोघांनी जायचे की एकाने टाकी भरायला थांबायचे, हे त्यावरच ठरते.

जमिनीखालून पाणी खेळवण्याची ही रीत या शहराला मलिक अंबरने दिली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला, 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आमचे शहरच, आणि त्याला नहर बांधून दिली. तो खुलताबादला विसावला आहे. तिथे जियारतीला जाणारे बहुतेक जण त्याच्या घुमटाकडे फिरकत नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते. आम्ही मुलांना मुद्दाम नेतो, दुआ करतो.

परतताना शहरात नान-खलिया बांधून घेतो. तेवढ्यात दादीचा फोन येतो, ‘नल आया, जल्दी आओ!’