मडकी विकणारीचे डोळे

प्रिय ताई,



तू पाठवलेल्या चित्राला टाचणी टोचवेना, म्हणून ते पुस्तकाला टेकवून समोर ठेवलंय. गिझाची मडकी विकणारी. एलिझाबेथ येरिकाउ-बाउमानचं हे तैलचित्र 1876 ते 78 मधलं, मूळ कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात.

ही चित्रकर्ती वॉर्साजवळ जन्मली, ड्यूसेलडॉर्फला शिकली आणि एका डॅनिश शिल्पकाराशी लग्न करून डेन्मार्कची सून झाली. तिथे शेवटपर्यंत परकीच ठरली. लेकुरवाळ्या संसारातून 1869 मध्ये ती पूर्वेकडे निघाली, तेव्हा जवळ इंग्लंडच्या युवराज्ञीचं, डेन्मार्कच्या माहेरवाशीण अलेक्झांड्राचं, शिफारसपत्र होतं. त्या पत्रामुळे इस्तंबूलमध्ये मुस्तफा फाझिल पाशाचा जनानखाना तिला उघडला. पुरुष चित्रकारांना तिथे मज्जावच. फ्रेंच चित्रकार अँग्रनं तर पूर्वेला पाऊलही न ठेवता ‘तुर्की हमाम’ रंगवला!

जनानखान्यात तिला पाशाची मुलगी नाझली भेटली. बहुश्रुत, युरोपीय भाषा बोलणारी. आणि तरी 1875 च्या चित्रात हीच नाझली मोहक, रेललेली पौर्वात्य सुंदरी होऊन येते. ताई, मला हे फार लागतं. दार उघडलं, आत जाऊन डोळ्यांनी पाहिलं, आणि कुंचला हातात घेतल्यावर मात्र बाहेरच्यांनी कल्पिलं होतं तेच उतरलं. चित्रं युरोपात खपायला हवी होती, घर चालवायचं होतं, हे मला समजतं. पण म्हणून सल कमी होत नाही.

नाझलीला निदान स्वतःचा आवाज होता. पुढे कैरोत तिच्या दिवाणखान्यात मुहम्मद अब्दुह, साद झगलूल यांच्यासारखी सुधारक, पुढारी माणसं चर्चेला बसायची. मडकी विकणारीचं मात्र नावसुद्धा आपल्यापर्यंत आलेलं नाही.

आता तिच्याकडे नीट बघ. भोवती मातीची भांडी, ही जमिनीवर रेललेली, अंगावर तलम वस्त्र. बाजारात दिवसभर उन्हातान्हात बसणारी बाई अशी रेलून बसेल? गिऱ्हाईक आलं तर उठायचं, मडकं उचलून द्यायचं, पैसे मोजून घ्यायचे. ते काम चित्रात कुठेच नाही. पण डोळे बघ. ते खाली वळलेले नाहीत, लाजलेले नाहीत. थेट आपल्यावर रोखलेले आहेत. चित्रकर्तीनं बाकी सगळं सजवलं असेल, पण ही नजर तिला कुणीतरी खरोखर दिली असणार, असं मला ठामपणे वाटतं. एका बाईनं दुसऱ्या बाईकडे बघताना, भाव सांगून झाल्यावर, आता घेणार की नाही, असं विचारणारी नजर.

पूर्वेच्या दुसऱ्या प्रवासाहून चित्रकर्ती 1875 मध्ये परतली, म्हणजे चित्र परतल्यावरच पुरं झालं. तोवर समोरची मडकी कधीच विकली गेली असतील. त्या दिवशी मडकी विकणारीला चित्रासाठी किती वेळ बसवून ठेवलं होतं, आणि तेवढ्या वेळात किती गिऱ्हाइकं परत गेली, हेच मनात घोळतंय.

तुझी,
धाकटी