तळेगावच्या पटात मोठेबाबांसोबत

जानेवारीत एका सकाळी अकोल्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर आणि मग धामणगाव. सोबत आमचे मोठेबाबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि बहिणीचा मुलगा. तो दाल मिलमध्ये कामाला जातो. मोठेबाबांना बैल पाहायचे होते, भाच्याला पैसे लावायचे होते, आणि मला भाच्यावर लक्ष ठेवायचे होते. बहिणीने मला तेवढ्यासाठीच पाठवले होते.

धामणगावहून एस.टी.ने तळेगाव दशासर. या गावचा शंकरपट वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पट थांबले. २०१७ साली राज्याने कायदा केला, पण तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा कायम केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलाला मारता-टोचता येत नाही. माझे मत विचाराल तर बंदी आली तेव्हा मला वाईट वाटले नव्हते. आर लावलेली तुतारी बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसताना आणि शेपूट दाताने चावताना मी लहानपणी पाहिले आहे. प्राणिमात्राला पीडा न देण्याचे शील रोज म्हणणाऱ्याने त्याला खेळ कसे म्हणावे? पण मोठेबाबांपुढे हे बोलण्याची माझी छाती नाही. त्यांनी तीस वर्षे सालदारकी केली.

पाडव्याला साल ठरायचे. मालकाच्या दोन जोड्या पटाच्या होत्या. त्यांना सरकी-ढेप चारणे, पहाटे फिरवणे, खूर पाहणे, सगळे मोठेबाबांकडे. पट जिंकला की फेटा मालकाच्या डोक्यावर आणि फोटोत मालक. मोठेबाबांना धोतरजोडी मिळे आणि चहा गोठ्यातल्या वेगळ्या कपात. त्यांच्या वडिलांनी ५६ च्या दीक्षेनंतर मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाने बरेच दिवस राग धरला. पण जित्या बैलाची पारख या घरातून कोणाला काढून घेता आली नाही.

मैदानाच्या कडेला टेम्पोंतून जोड्या उतरत होत्या. मोठेबाबा काठी टेकत रांगेतून फिरू लागले. भाचा मागे, मी त्याच्या मागे.

“आबाजी, हे पांढरी जोडी पाह्य. काय चमकते!”

“चमक तेलाची हाये. मांगचे पाय पाह्य. हा डावा पाय टाकतो तवा कंबर हालते त्याची.”

मग ते एकेक सांगत गेले. दोन बैल वेगवेगळे कितीही चांगले असोत, पाऊल जुळत नसेल तर जोडी वाकडी पळते. एक दांडगा आणि एक नरम असेल तर गाडी दांडग्याच्या अंगावर ओढली जाते. पोट सुटलेला नको, पण खपाटीला गेलेलाही नको. रात्रभर टेम्पोत उभा राहिलेला बैल पाय आखडतो, म्हणून उतरल्यावर तो पहिली दहा पावले कशी टाकतो ते पाहायचे. सकाळी दवाने माती बसलेली असते, दुपारी भुसभुशीत होते. जड बैलाला सकाळ बरी. आणि धुरकरी? “धुरकरी ओरडत असन तर समज, त्याचा बैलावर भरोसा नाही.”

वर्धा नदी ओलांडली की गवळाऊ जातीचा मुलूख. लांबट तोंडाचे, हलक्या अंगाचे हे बैल मराठ्यांच्या काळापासून वेगासाठी नावाजलेले. त्या जातीची एक जोडी एका बाजूला शांत उभी होती. मोठेबाबा तिच्यापाशी बराच वेळ थांबले. काही बोलले नाहीत. भाच्याने ते हेरले.

मुंबईच्या महालक्ष्मीला १८८३ पासून घोडे पळतात. तिथे छापील पुस्तक मिळते. घोड्याचे आईबाप, वय, पाठीवरचे वजन, मागच्या शर्यती, सगळे त्यात. इथले पुस्तक मोठेबाबांच्या डोक्यात. फरक आणखी एक आहे. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने घोड्यावरच्या पैजेला परवानगीच्या मैदानात मोकळीक दिली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. सुटाबुटातल्याची पैज कायदेशीर. बैलावर लावणारा आणि वरलीचा आकडा लिहिणारा पोलिसाला पाहून पळतो. हा अन्यायच, पण घरचा डबा दोन्हीकडे सारखाच रिकामा होतो. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणारा वैर ओढवतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, हाही त्यात आहे. हे मी भाच्याला गाडीतच ऐकवले होते. तो हसला होता. त्याच्या लग्नाचे बघणे चालू आहे.

“आबाजी, कोनावर लावू?”

“बैल पुसशील तर सांगतो. पैशाचं मले पुसू नको.”

तो गर्दीत गेला. पाचशे लावून आला, त्याच गवळाऊ जोडीवर.

पटाचा निकाल घड्याळ देते, सेकंदाच्या अंशाअंशावर. दुपारपर्यंत मोठेबाबांनी सात जोड्यांबद्दल आधी सांगितले आणि पाच खरे ठरले. पांढरी जोडी निम्म्यातच वाकडी झाली. मग गवळाऊ सुटली. अशी सुटली की लोक उभे राहिले. आणि शेवटच्या टप्प्यात कोणाच्या तरी हातातली प्लास्टिकची पिशवी उडून समोर आली. आतला बैल बिचकला, जरासाच. जोडी मागे पडली.

भाचा मटकन खाली बसला. मोठेबाबा मात्र उठून काठी टेकत बैलांच्या रांगेकडे निघाले. मी भाच्याला तिथेच सोडून त्यांच्यामागे गेलो. त्यांनी बिचकलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवला, वाकून पुढचा पाय उचलला आणि खुराच्या फटीत रुतलेला खडा नखाने काढून दाखवला.

जोडीचा मालक तरुण होता. “बाबाजी, कोन्या गावचे?”

मोठेबाबांनी गाव सांगितले, मालकाचे नाव सांगितले, आणि आपण त्यांचे सालदार होतो हेही सांगितले. पोराने बसायला खाट ओढली. केटलीतून चहा ओतला, स्वतःच्या हाताने दिला आणि त्याच केटलीतला चहा तसल्याच कपात घेऊन शेजारी बसला. मग खुराचे, ढेपेचे, पहाटेच्या फिरण्याचे विचारत राहिला.

आता बायका धुरकरी होऊन उतरतात तो पट पाहून जा, तळेगावात तोही होतो, असे त्याने सांगितले. मोठेबाबांना थांबायचे होते. पण धामणगावची गाडी चुकली असती. शोधत भाचा तिथे आला तेव्हा चहा अर्धा राहिला होता. “मामा, परतीचं तिकीट तुम्हीच काढसान का?” एवढेच तो हळूच म्हणाला.